ब्लूटूथने रोबो जोडला की कॉम्प्युटरला ब्लू स्क्रीन येते – सल्ला हवा

प्रयोगवही:
नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या आठवीच्या मुलांनी चारचाकी रोबो बनवलाय: आर्डुइनो उनो (रोबोचा मेंदू असलेला छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट देणारं सर्किट), चार बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटर) आणि एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल. लॅबच्या डेस्कटॉपला (विंडोज १०) ब्लूटूथ नाही, म्हणून यूएसबी डोंगल लावलाय. १२३४ पिन टाकून पेअरिंग नीट होतं. पण मुलांच्या पायथन प्रोग्रामने रोबोशी बोलायला ब्लूटूथचा पोर्ट उघडला की थोड्याच वेळात स्क्रीन निळी होते आणि मशीन रीस्टार्ट होतं. केबल लावून तोच प्रोग्राम कितीही वेळ चालतो.
लॅबमध्ये सगळे म्हणतात, मुलांच्या प्रोग्रामने कॉम्प्युटर बिघडवला. जिने प्रोग्राम लिहिला ती मुलगी आता कीबोर्डला हात लावायला घाबरते. सुरुवात कुठून करू?

जुना_दुरुस्तीवाला:
ताई, आधी त्या मुलीला बोलावून सांगा की हे तिच्यामुळे झालेलं नाही. साधा पायथन प्रोग्राम चुकला तर तो स्वतः बंद पडेल, फार तर मशीन मंदावेल. ब्लू स्क्रीन येते ती विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, काहीतरी बिघडल्यावर. तिथे बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर (विंडोजला एखादं उपकरण चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, तुमचा मोटर ड्रायव्हर नव्हे) असतो, कधी खराब रॅम. केबलवर सगळं चालतं हा तुमच्याकडचा मोठा पुरावा आहे, कारण तेव्हा ब्लूटूथचा ड्रायव्हर मध्ये येतच नाही.
आता अंदाज नको, नाव शोधा. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनिडंप नावाचं फोल्डर असतं, दर क्रॅशची एक फाइल त्यात पडते. ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर ती उघडून संशयित ड्रायव्हरचं नाव दाखवतं. एनटीओएसकर्नल असं नाव दिसलं तर तिथे थांबू नका. ते विंडोजचं मूळच आहे, दुसऱ्याचा दोष पुष्कळदा त्याच्या नावावर पडतो. प्रत्येक फाइलमध्ये सोबत आणखी कोणतं नाव परत परत येतं ते बघा. आणि डोंगलबरोबर सीडी आली होती का, तिच्यातला ड्रायव्हर टाकला होता का, ते सांगा.

झटपट_जुगाड:
एवढं कशाला? एचसी-०५ काढा, ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा बोर्ड) लावा आणि वायफायवरून चालवा. डोंगलची गरजच संपली.

जुना_दुरुस्तीवाला:
पुढच्या रोबोसाठी उत्तम सल्ला. पण आत्ता रोबो बदलला तर दोष कुठे होता ते कळणारच नाही, आणि त्या मुलीवरचा आळ तसाच राहील. रोबो अजिबात उघडू नका. एखाद्या अँड्रॉइड फोनवर ब्लूटूथ सीरियल टर्मिनलचं ॲप घ्या आणि प्रोग्राम जी अक्षरं पाठवतो तीच एचसी-०५ ला पाठवून बघा. फोनवरून रोबो पळाला की मॉड्यूल आणि आर्डुइनोचा कोड, दोघेही सुटले.

ईएनटीसी_तिसरं_वर्ष:
मॅडम, अजून दोन गोष्टी. पेअर केल्यावर विंडोज बरेचदा दोन कॉम पोर्ट (प्रोग्राम ज्यातून रोबोशी बोलतो ते) बनवतं, प्रोग्रामला ‘आउटगोइंग’ लिहिलेला द्या. आणि डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात असेल तर काढून छोट्या एक्स्टेंशन केबलवर लांब ठेवा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर पेपर काढलाय. याने ब्लू स्क्रीन येत नाही, पण कनेक्शन तुटतं, आणि कच्चा ड्रायव्हर नेमका अशा तुटण्याच्या क्षणी कोसळू शकतो.

प्रयोगवही:
फोनवरून रोबो मस्त पळाला! मिनिडंपमध्ये प्रत्येक वेळी एकच नाव आहे, आणि ते सीडीवरून टाकलेल्या ड्रायव्हरचं आहे. आता तो कसा काढू?

जुना_दुरुस्तीवाला:
सापडला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथखाली डोंगलवर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, आणि ‘ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करा’ अशा अर्थाच्या चौकटीवर टिक करायला विसरू नका. सीडीवाला प्रोग्राम कंट्रोल पॅनलमधूनही काढा. मग शटडाउन नाही, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू करायची विंडोजची सोय) चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल पूर्ण नव्याने सुरू होत नाही. त्यानंतर विंडोज स्वतःचा ड्रायव्हर लावेल. तो लागला नाही तर डोंगलच बदला, बाजारात नकली चिपचे डोंगल भरपूर आहेत.

प्रयोगवही:
विंडोजचा ड्रायव्हर लागला. आज पूर्ण तासिका संपेपर्यंत ब्लू स्क्रीन नाही! मिनिडंपची यादी त्या मुलीनेच सगळ्यांना दाखवली. एक अडचण उरली: चारही मोटर एकदम फिरल्या की कनेक्शन तुटतं. बॅटरी चौकोनी ९ व्होल्टची आहे.

ईएनटीसी_तिसरं_वर्ष:
मग बॅटरीच. तिला चार मोटरचा करंट झेपत नाही, व्होल्टेज खाली येतं आणि एचसी-०५ रीसेट होतं. मोटर सुरू होताना त्याचा एलईडी बघा, परत भराभर लुकलुकायला लागला तर हेच कारण. १८६५० चे (रीचार्ज होणारे लिथियम) दोन सेल सिरीजमध्ये लावा, ७.४ व्होल्ट मिळतील. एल२९८एन त्यातले सुमारे २ व्होल्ट खातो, उरलेले बीओ मोटरला पुरतात. सेल चार्ज करताना मात्र मोठं माणूस जवळ असू द्या.