एनआरओ ठेवीच्या व्याजातून २१,८४० कापले, आता जर्मनीतही कर?

प्रश्न (लातूर): धाकटा भाऊ चार वर्षं झाली श्टुटगार्टला आहे. औशाकडचं रान विकून त्याच्या वाट्याचे १० लाख इथंच एनआरओ ठेवीत (परदेशात राहणाऱ्यांची भारतातली रुपयांतली ठेव) टाकले. व्याज ७०,००० आलं, बँकेनं २१,८४० कापले. पासबुकातला तो आकडा बघून जीव तुटला. वडिलांनी दुष्काळातही न विकलेलं रान होतं ते. त्याच व्याजावर तिकडंही कर द्यायचा का?

उत्तर: ३० टक्के कर आणि वर सेस (करावरचा उपकर), बँकेचा हिशोब बरोबर आहे. पण एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून झालेल्या भारत-जर्मनी करारानुसार अशा व्याजावर भारत १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, म्हणजे ७,०००. जर्मनीतही या व्याजावर कर लागतो, पण तिथल्या करातून जर्मनी या ७,०००चीच वजावट देतं. उरलेले १४,८४० इथं रिटर्न भरून परत मागा. भावाला तिथल्या कर कार्यालयातून रहिवासी दाखला काढायला लावा, पुढचं व्याज जमा व्हायच्या आत बँकेत द्या, म्हणजे कराराचा दर लागेल.

  

लातूर: रात्रीच भावाला फोन केला. दाखल्याचा अर्ज सोमवारी देतोय.