प्रतिसाद: ट्रिप्सिनला चालना देणारा विकर

ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकराबद्दल (एन्झाइमबद्दल) असं म्हटलं जातं की ते स्वतःच स्वतःला सक्रिय करतं. हे खरं आहे, पण अर्धंच. पहिला ट्रिप्सिन रेणू येतो कुठून? ती सुरुवात करून देतो एन्टेरोपेप्टिडेज, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. १८९९ साली रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला.

हा विकर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, पेशींच्या पटलात रुतलेला असतो. त्याचे दोन भाग, जड साखळी आणि हलकी साखळी, डायसल्फाइड बंधाने (दोन गंधक अणूंमधल्या बंधाने) जोडलेले असतात. जड साखळीचं एक टोक पटलाला धरून ठेवतं, तर प्रथिनं कापण्याचं काम हलकी साखळी करते. पण हलकी साखळी वेगळी काढली तर ट्रिप्सिनोजेन (ट्रिप्सिनचं निष्क्रिय रूप) कापायचा तिचा वेग फार घटतो, म्हणजे जड साखळी नुसता खुंटा नाही.

आता सक्रियतेबद्दल. ट्रिप्सिनसारखाच एन्टेरोपेप्टिडेजही आधी एकसंध, निष्क्रिय साखळी म्हणूनच तयार होतो. ठरावीक जागी साखळी कापली गेली की नवं मोकळं झालेलं आयसोल्युसिन या अमिनो आम्लाचं टोक आत वळतं, तिथल्या अस्पार्टेट या दुसऱ्या अमिनो आम्लाशी क्षारबंध (विरुद्ध विद्युतभारांमधला बंध) जुळवतं आणि सक्रिय स्थळाला, म्हणजे काप घेणाऱ्या जागेला, योग्य आकार येतो. एक काप, आणि सगळी घडी बदलते!

मग तो ट्रिप्सिनोजेनमधले ओळीने चार अस्पार्टेट आणि त्यानंतरचं लायसिन (हेही अमिनो आम्लच) अचूक ओळखतो आणि लायसिननंतर काप घेतो. जन्मतः हा विकर नसलेल्या बाळांना सतत जुलाब होतात, वाढ खुंटते. स्वादुपिंडाचे विकर औषध म्हणून दिले की ती सुधारतात.