दरवर्षी बक्षिसं त्याच चार-पाच पोरांना जातात, यात काय बदल करता येईल?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवतो, पाचवी ते दहावी, पट 430 च्या आसपास. यंदा बक्षीस वितरणाचं काम माझ्याकडे आलंय म्हणून विचारतोय.

मागच्या गॅदरिंगला दहावीतली एक मुलगी आठ वेळा स्टेजवर आली. वर्गात पहिली, मराठीत पहिली, गणितात पहिली, मुलींमध्ये पहिली, निबंध, वक्तृत्व, सगळंच. पोरगी गुणीच आहे, तिच्या मेहनतीबद्दल प्रश्नच नाही, पण पाचव्या-सहाव्या वेळेनंतर टाळ्या पण कोणी धड वाजवेना आणि खाली उतरल्यावर ती मलाच म्हणाली, सर एखादं दुसऱ्या कोणाला द्या ना, मैत्रिणी बोलत नाहीत माझ्याशी.

आणि दुसरीकडे नववी ब मधला एक मुलगा. आईवडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला, कापूस वेचणीच्या दिवसांत हा पण आठवडा आठवडा गायब. सहामाहीला गणितात 40 पैकी 11, वार्षिकला 24. मधल्या काळात सुट्टीत माझ्याकडे येऊन समीकरणं सोडवत बसायचा, कोणी सांगितलं नव्हतं. निकालपत्रक भरताना तो आकडा बघून मी थांबलोच. पण 24 ला आमच्याकडे बक्षीसच नाही हो, यादीत त्याचं नाव कुठं बसवायचं?

अडचणी अशा आहेत की बरीच बक्षिसं ठेवींच्या व्याजातून आहेत, कोणीतरी आईच्या किंवा वडिलांच्या स्मरणार्थ पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पाच हजार ठेवलेले, आज त्याचं वर्षाला सव्वातीनशे रुपये व्याज येतं आणि अट लिहिलेली, 'दहावीत मराठीत प्रथम'. ती बदलता येत नाही. दुसरं, 100 टक्के हजेरीचं बक्षीस ठेवायचं की बंद करायचं? तिसरं, प्रगतीचं बक्षीस सुरू केलं तर पोरं त्याला 'ढ लोकांचं बक्षीस' म्हणणार नाहीत ना? ज्यांनी शाळेत असं काही करून बघितलंय त्यांनी सांगा.

बोरीकाठ
सर, मी अमळनेर तालुक्यात अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त. ठेवींना हात लावू नका. त्या घरची माणसं पुण्या-सुरतेहून त्या दिवशी मुद्दाम येतात, आईचं नाव माइकवर ऐकायला येतात, तो पण एक मान आहे. पण स्टेजवर आठ वेळा बोलवायची अट कुठं लिहिलेली नाही. आम्ही एका मुलाला एकदाच बोलवायचो, त्याच्या नावची सगळी बक्षिसं आणि देणगीदारांची नावं एकत्र वाचायची, देणगीदार वर उभे, सगळ्यांचा मिळून एक फोटो. अर्धा तास वाचायचा. तो अर्धा तास बाकीच्या पोरांना द्या.

नावाबद्दल सांगतो. 'उत्तेजनार्थ' हा शब्द अजिबात वापरू नका, पोरांना पक्कं माहिती असतं की उत्तेजनार्थ म्हणजे नंबर आला नाही. आम्ही वर्गशिक्षकाला सांगायचो की नाव द्या आणि एक वाक्य द्या, 'छान प्रगती' असलं वाक्य चालणार नाही, काय केलं ते लिहा. मग वाक्यं यायची ती अशी, 'प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या वर्षभर न सांगता धुऊन ठेवल्या', 'वाचताना अडखळायचा, आता परिपाठात बातम्या वाचतो'. असं वाक्य वाचलं की सभागृह आपोआप शांत व्हायचं. तुमच्या त्या नववीतल्या पोराचं वाक्य तर तुम्ही वरती लिहूनच ठेवलंय.

नुसत्या मार्कांच्या फरकावर मात्र जाऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी सहामाही आणि वार्षिकचा फरक काढून यादी केली, तर 85 वाल्याला वाढायला जागाच नाही आणि सहामाहीला आजारी पडलेला मुलगा पहिला आला.

आमच्या गावाची एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. साने गुरुजी प्रताप हायस्कूलला शिक्षक होते तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. रोज. मला त्यातलं काय घ्यावंसं वाटलं तर ते रोजचं असणं. बक्षीस वर्षातून एकदाच कशाला? सूचना फलकाचा एक कोपरा घ्या, खडूने रोज एका पोराबद्दल एक वाक्य लिहा. 430 पोरं आहेत, दोन वर्षांत सगळ्यांची पाळी येते, खर्च खडूचा.

केळीबाग
मी शिक्षिका नाही, रावेर तालुक्यातली एक आई आहे, तरी लिहिते. माझ्या मुलीला दहावीपर्यंत एकदाही बक्षीस नाही मिळालं आणि त्याचं काही नाही वाटत, पण हजेरीच्या बक्षिसाचं वाटतं. सहावीत ती ताप अंगात घेऊन शाळेत गेली, मी नाही म्हणत होते, ती रडायला लागली की आई माझा खाडा पडेल आणि बक्षीस जाईल. दुपारी शाळेतूनच निरोप आला घेऊन जा म्हणून. तिचे वडील तेव्हा केळीच्या गाडीवर गेलेले, मी शेजारच्यांच्या मोटरसायकलवर जाऊन आणली. आणि ज्या पोरी मानव विकासच्या, म्हणजे मुलींना शाळेत नेणाऱ्या सरकारी योजनेच्या बसने येतात, ती बस एखाद्या दिवशी आलीच नाही तर त्यांनी काय करायचं? त्यांची हजेरी त्यांच्या हातात आहे का?

दुसरं म्हणजे कार्यक्रम कधी ठेवता त्याचा विचार करा सर. सकाळी अकराला ठेवला तर मजुरीवाल्यांचा रोज बुडतो, ते येत नाहीत, मग स्टेजवरून पोरगं खाली बघतं तर आपलं माणूस नाही. संध्याकाळी ठेवा नाहीतर घरी फोन करा. आमच्याकडे शाळेतून फोन आला म्हणजे पोराने काहीतरी करून ठेवलं हेच पहिलं डोक्यात येतं. एकदा तरी चांगलं सांगायला फोन यावा असं प्रत्येक आईला वाटतं, मला तर खूप वाटायचं.

पीटीवाले_शिरपूर
माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. सगळ्यांना काही ना काही दिलं की कोणालाच काही दिल्यासारखं होत नाही. माझ्या मुली पहाटे साडेपाचला खो-खोच्या मैदानावर असतात, जिल्ह्यावर जिंकून येतात, त्यांना माहिती आहे की हरलं की हरलं. पहिला नंबर हा पहिलाच राहिला पाहिजे आणि त्याच्यासाठी टाळ्या पण जोरात पडल्या पाहिजेत. त्या आठ बक्षिसंवाल्या पोरीला लाज वाटायची वेळ आली ही आपली चूक आहे, तिची नाही.

आणि मला विचाराल तर मेमेंटोपेक्षा पोरांच्या खात्यात काय पडतं ते बघा. आठवीची एनएमएमएस ही सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा पास झालं आणि यादीत आलं की नववी ते बारावी वर्षाला 12 हजार मिळतात, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. तुमच्या नववीतल्या पोराला आठवीत कोणी बसवलं होतं का परीक्षेला? इन्स्पायर मानक या पोरांच्या विज्ञान-कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेला शाळा पाच कल्पना पाठवू शकते, निवड झाली तर 10 हजार थेट पोराच्या खात्यात, आणि कितीतरी शाळा एकही पाठवत नाहीत. इंटरमिजिएट चित्रकलेला ए ग्रेड आली तर दहावीला 7 गुण वाढतात, बी ला 5, सी ला 3. ही सगळी कौतुकंच आहेत, फक्त त्यासाठी आपल्याला बसून फॉर्म भरावे लागतात, दाखले गोळा करायला पालकांच्या मागे फिरावं लागतं. ते करायचं नाही आणि जानेवारीत शाल-श्रीफळ वाटायचं, याला अर्थ नाही.

पांढरंसोनं
धुळ्यात बीएडला शिकवते. पीटी सरांचं फॉर्मचं म्हणणं एकदम पटलं, पण बक्षिसाने पोरं नेहमी पुढे जातात हे तेवढं खरं नाही. 1973 मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला होता. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं आपणहून चित्रात बाकीच्यांच्या निम्माच वेळ घालवत होती. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणून सुट्टीत समीकरणं सोडवणाऱ्याला बक्षीस जरूर द्या, फक्त 'सुट्टीत गणित करणाऱ्यास बक्षीस' अशी पाटी लावू नका.

हजेरीचं पण असंच. कॅलिफोर्नियात सहावी ते बारावीच्या 15 हजारांवर मुलांचा अभ्यास झाला, आधी पूर्ण हजेरी लावलेल्यांना नंतर प्रमाणपत्र पाठवलं तर त्यांची पुढची हजेरी वाढली नाही, उलट थोडी कमी झाली. संशोधकांचा अंदाज असा की मुलांनी त्यातून अर्थ काढला, आपण गरजेपेक्षा जास्त येतोय, बाकीचे एवढे येत नाहीत. केळीबाग ताईंनी सांगितलेलं तर मला त्याहून महत्त्वाचं वाटतं, तापात पोरगी शाळेत आली हे एकच कारण ते बक्षीस बंद करायला पुरेसं आहे.

तापीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. हेडसरांशी बोललो. हजेरीचं बक्षीस यंदापासून बंद. ठेवींची बक्षिसं एका मुलाला एकदाच बोलवून, बोरीकाठ सरांनी सांगितलं तसं. पहिल्या नंबरचं कौतुक कमी होणार नाही पीटी सर, उलट त्या मुलीचं सगळं नीट वाचून दाखवू. कार्यक्रम संध्याकाळी पाचला, वेचणी संपल्यावर. फळ्याचा कोपरा सोमवारी सुरू केला.

ताईंचं वाचून परवा त्या मुलाच्या घरी फोन केला. वडिलांनी उचलला आणि माझं नाव ऐकल्याबरोबर म्हणाले, "काय करं त्यानी सर?" मी म्हटलं काही केलं नाही दादा, म्हणजे केलं पण चांगलं केलं, आणि 11 चे 24 कसे झाले ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाले थांबा सर, हिला देतो, तिला पण हेच सांगा, आणि मी पहिल्यापासून सगळं परत सांगितलं.

पीटी सर, तुमचा प्रश्न लागला मनाला. त्याला आठवीत एनएमएमएसला कोणी बसवलं नव्हतं, मी पण नाही, आणि आता ती वेळ गेली. यंदाच्या आठवीत असे चौदा जण निघालेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना तहसीलला खेपा पडतात, तुमच्याकडे सगळ्यांचे कागद एकदम कसे गोळा करता ते जरा सविस्तर लिहाल का?