मदत हवी आहे: रेल्वे फाटकावर ट्रॅक्टर दम टाकतो, उपाय सांगा (अर्जंट)

माढ्याचा_ऊसवाला: मंडळी, फाटकाच्या मधोमध ट्रॅक्टर दम टाकतो, पुढनं उचलतो. काल मागची ट्रॉली रुळावरच थांबली आन गेटमन लागला ओरडायला. पाळी चुकली की कारखान्यावर अख्खा दिवस जातो. डिझेल फिल्टर बदलून झालाय, ते सांगू नका.

पाटलांचा_धाकटा: किती एचपी? ट्रॉली एक का दोन? चढ कुठल्या बाजूनं? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं का?

माढ्याचा_ऊसवाला: ऊस म्हणल्यावर दोनच असणार ना राव. 50 एचपी. लाईनचं काम झाल्यापासनं रूळ उंच झालेत, दोन्हीकडनं चढ आहे.

बार्शी_लाईट_प्रेमी: कुर्डुवाडी-मिरज लाईन का? ती आधी नॅरोगेज होती, 2 फूट 6 इंचाची. गाडी एवढी निवांत यायची की बैलगाडीवाल्याला घाई म्हणून नसायची.

माढ्याचा_ऊसवाला: काका, मला आजच्या गाडीचं बघायचंय.

वकील_साहेब: मोटार वाहन कायदा कलम 131 वाचा. थांबायचं, किन्नरनं (ड्रायव्हरच्या मदतनीसानं) खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, गाडी येत नाही बघायचं, मगच ट्रॅक्टर पुढं घ्यायचा.

पाटलांचा_धाकटा: साहेब, ते बिनगेटमनच्या फाटकाला लागू आहे. ब्रॉडगेजवरची तसली फाटकं जानेवारी 2019 पर्यंत बंद झाली. ह्यांच्याकडं गेटमन ओरडतोय, वाचलं नाही का?

वकील_साहेब: वाचलं. उतरून बघायला कायदा आडवा येत नाही.

गेटमनचा_भाचा: मामा गेटवर होते त्यामुळं सांगतो. खालचा गिअर फाटकाच्या आधी टाकायचा, रुळावर गिअर बदलायचाच नाही. पलीकडं दोन्ही ट्रॉल्या मावतील एवढी जागा मोकळी झाल्याशिवाय चाक पुढं टाकायचं नाही, पुढचा टेम्पो सरकेल या भरवशावर तर नाहीच. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या धरा 18 मीटर, वर रुळाचा पट्टा, 5 च्या स्पीडनं सेकंदाला दीड मीटरसुद्धा होत नाही, म्हणजे 15-20 सेकंद तुम्ही रुळावर. अडकलाच तर आधी माणसं खाली उतरवा आणि गेटमनला सांगा. त्याच्याकडं स्टेशन मास्तरचा फोन असतो, लाल झेंडी असते, गाडीला इशारा द्यायला रुळावर लावायचे फटाके असतात. त्याला न सांगता साखळी लावून ओढत बसाल तर गाडी यायची. ती ब्रेक मारल्या मारल्या थांबत नाही.

सांगोल्याची_ताई: भाऊ, पाठीमागं रेडियम पट्टी आहे का? रात्री ट्रॉली दिसतच नाही, आमच्या शेजाऱ्याची मोटरसायकल घुसली.

माढ्याचा_ऊसवाला: आहे हो ताई. प्रश्न चढाचा आहे.

ढवळ्या_पवळ्या: ट्रॉलीचा हूक ट्रॅक्टरच्या खालच्या भोकाला लावा, वरच्या भोकाला असला तर पुढनं उचलणारच. पुढं वजनं टाका. बाकी बैलगाडीसारखं काही नाही.

पाटलांचा_धाकटा: हूक खाली घेऊन एवढं वजन चढणार आहे का? एक ट्रॉली अलीकडं सोडा, दोन खेपा करा.

माढ्याचा_ऊसवाला: पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. त्यापेक्षा शेजारच्या बोगद्यातनं काढू का?

पाटलांचा_धाकटा: भरलेला ऊस बोगद्यात? वरच्या मोळ्या तिथंच राहतील. आणि खाली चिखल असणार.

गेटमनचा_भाचा: उंचीवरनं आठवलं. लाईन इलेक्ट्रिक असली तर फाटकाच्या अलीकडं हाईट गेज असतं, म्हणजे उंची मोजायची आडवी कमान, साधारण 4.67 मीटरवर. मोळी त्याला घासली तर पुढं जाऊच नका, मागं घेऊन उतरवा. वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट आहेत, किन्नरला ऊसावर बसवून फाटक ओलांडू नका. ऊस ओला असतो.

वकील_साहेब: आणि बंद फाटक स्वतः उघडलंत तर रेल्वे कायदा कलम 160, तीन वर्षांपर्यंत.

माढ्याचा_ऊसवाला: फाटक मी कधी उघडलं? बरं, हूक बघितला, वरच्याच भोकाला होता, खाली घेतो. पण दोन खेपा करायच्या तर सोडलेली ट्रॉली उभी कुठं करू? अलीकडं चहाची टपरी आणि उतार आहे.

ढवळ्या_पवळ्या: चाकांना दगड लावा, किन्नर थांबवा.

सांगोल्याची_ताई: टपरीवाल्याला आधी विचारा.

बार्शी_लाईट_प्रेमी: टपरी कुठल्या स्टेशनच्या बाजूला आहे?