मदत हवी आहे: वाचनालयाच्या स्मरणिकेत इंटरनेटवरचे फोटो आणि कविता छापायच्या आहेत, कॉपीराइटचं काय?

कोरडवाहू
राम राम मंडळी. दारव्ह्याकडच्या आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघते आहे. ९६ पानं, ५०० प्रती. विक्री नाही, पण कृषी केंद्र, जिनिंग, किराणावाले यांच्या जाहिराती आहेत. पीडीएफ व्हॉट्सॲपवरही फिरणार.

कपाशीवरच्या लेखाला गुलाबी बोंडअळीचे फोटो गूगलवरून घेतलेत. सुरेश भटांची एक अख्खी गझल आणि तुकडोजी महाराजांची दोन भजनं आहेत. मंदिराचा ड्रोन फोटो कोणाच्या तरी फेसबुकवरचा आहे. उद्घाटनाचे जुने फोटो तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने काढलेले. शिवाय कार्यक्रमाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा आहे, मागे सिनेमाचं गाणं लावून. सगळ्यांखाली ‘सौजन्य : इंटरनेट’ लिहिलं तर भागते का? प्रेसवाल्याला आठ दिवसांत मजकूर पायजे.

पळसफूल
नाही भागत, भाऊ. ‘सौजन्य : गूगल’ म्हणजे चोरलेल्या बैलाच्या गळ्यात ‘बाजारातून आणला’ अशी पाटी. गूगल फक्त दाखवतं, फोटो दुसऱ्याचा असतो. नाव देणं वेगळं, परवानगी वेगळी. फोटोवर © नाही म्हणून तो मोकळा, असंही नाही. आपल्याकडे हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी लागत नाही.

बोंडअळीचा फोटो आधी गूगल लेन्समध्ये टाका आणि मूळ पान शोधा. मूळ सापडलं नाही तर तो फोटो सोडा. नवा शोधताना गूगल इमेजेसमध्ये टूल्स, मग वापराचे हक्क, मग क्रिएटिव्ह कॉमन्स (मालकाने काही अटींवर सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी) निवडा. पण त्या गाळणीवर विसंबू नका, फोटोच्या पानावर जाऊन परवाना स्वतः वाचा. विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या फोटोंच्या साठ्यावर परवाना फोटोखालीच असतो. ‘सीसी बाय’ म्हणजे नाव देऊन वापरा. ‘एसए’ असेल तर बदल केलेला फोटो त्याच परवान्यावर द्यावा लागतो, पण न बदलता छापलात तर अख्खी स्मरणिका त्यात ओढली जात नाही. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नको, तो असेल तर टाळा. विक्री नसली तरी तुमच्याकडे जाहिराती आहेत, उगीच वाद कशाला? ‘एनडी’ असेल तर कापछाट, रंगबदल नको.

फोटोखाली असं लिहा: ‘छायाचित्र : (काढणाऱ्याचं नाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०’. ही ओळ त्याच पानावर हवी. शेवटच्या पानावर सगळ्यांचे एकत्र आभार मानले की कोणता फोटो कोणाचा, ते कळत नाही.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था किंवा अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांच्याकडचे फोटो हवे असतील तर थेट ईमेल करा. सरकारी म्हणजे सार्वजनिक, हा मोठा गैरसमज आहे. शासनाच्या साहित्यावरही प्रसिद्धीनंतर ६० वर्षं हक्क असतो. मात्र बऱ्याच सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ‘कॉपीराइट धोरण’ असतं आणि स्रोत नमूद करून जसंच्या तसं छापायला त्यात मुभा असते. ते पान उघडून वाचा.

अंबाडी
कवितांचं सांगतो. लेखक वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. सुरेश भट २००३ साली गेले, म्हणजे २०६३ अखेरपर्यंत हक्क वारसांकडे किंवा ज्यांना दिले असतील त्यांच्याकडे. पान भरायला अख्खी गझल छापू नका. गझलेवर रसग्रहणाचा लेख असेल आणि त्यात दोन-तीन शेर कवीच्या नावासह उद्धृत केले, तर ते कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या समीक्षेच्या सवलतीत बसतं.

तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत मुदत आहे. गावोगावी म्हटली जातात म्हणून भजनं मोकळी होत नाहीत. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर हक्क कोणाचे ते पाहून त्यांना पत्र टाका. आणि भजनाच्या ओळीत वाचनालयाचं नाव घुसवायचा मोह कोणालातरी होतोच, तो आवरा. रचनेची मोडतोड रोखण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिलेला आहे.

डॉ. पंजाबराव देशमुख १९६५ साली गेले. त्यांनी स्वतः लिहिलेलं १ जानेवारी २०२६ पासून मोकळं आहे. तुकोबांचे अभंग तर मोकळेच, पण एखाद्या संपादकाने लिहिलेला अर्थ आणि टीपा उचलू नका.

कोरडवाहू
बाप्पा! मग स्टुडिओवाल्याचे फोटोही गेले म्हणायचे?

पळसफूल
उलट ते तुमचेच असू शकतात. वाचनालयाने पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक वाचनालय. जुनी पावती किंवा जमाखर्चाच्या वहीतली नोंद शोधून ठेवा. स्टुडिओवाला हौसेने येऊन काढून गेला असेल, तर हक्क त्याचा.

ड्रोनवाल्याला निरोप पाठवा. मजकूर साधारण असा: ‘आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत (५०० छापील प्रती, विक्री नाही, जाहिराती आहेत, पीडीएफ व्हॉट्सॲप व संकेतस्थळावर) आपला मंदिराचा फोटो एका पानावर नावासह छापायला परवानगी द्यावी. कालमर्यादा नाही, प्रदेशाची मर्यादा नाही. नाव कसं छापायचं तेही कळवा.’ शेवटच्या अटी मुद्दाम घातल्या आहेत. परवान्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. तुमची पीडीएफ त्यापुढेही फिरत राहील. फोनवर ‘छापा ना भाऊ’ म्हटलं तेवढ्यावर थांबू नका, परवाना लेखी लागतो. उत्तराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोटो त्याच्या खात्यावर असला तरी काढलेला त्यानेच का, हेही विचारा. फेसबुकवर निम्मे फोटो उसनेच असतात.

होकार आला की मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. साधा पाठवला की व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं, म्हणजे ४ इंच रुंद फोटोला किमान १२०० पिक्सेल.

खोडवा
एवढं काहून? इंटरनेटवरच्या लेखाचे शब्द फिरवून टाका, कोणाले समजते?

अंबाडी
शब्द फिरवून सुटका होत नाही, भाऊ. बोंडअळीची माहिती कोणाच्या मालकीची नाही, पण कोणी ती ज्या क्रमाने, ज्या उदाहरणांनी मांडली ते त्याचं आहे. तीन-चार ठिकाणचं वाचा, कागद मिटवा आणि आपल्या शिवारातल्या तारखा, वाण, फवारण्या घालून स्वतः लिहा. लेख चांगलाही होईल. बाकी कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण त्या चकरा कोणी माराव्या?

पळसफूल
व्हिडिओचं राहिलं. ‘३० सेकंद चालतात’ हे खोटं, असा नियम कुठेच नाही. बिनतिकीट कार्यक्रमात पोरांनी गाणं म्हटलं तर हौशी मंडळांना सूट आहे. यूट्यूबवर चढवणं त्या सुटीत येत नाही. तिथे दोन प्रकार होतात. ‘क्लेम’ आला तर जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात किंवा व्हिडिओ अडतो. ‘स्ट्राइक’ म्हणजे कॉपीराइटभंगाची ताकीद, ती जड असते, ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. क्लेम आल्यास यूट्यूब स्टुडिओतून तेवढा तुकडा कापता येतो, आवाज बंद करता येतो किंवा गाणं बदलता येतं. त्यापेक्षा आधीच यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत लावा.

कोरडवाहू
गझल काढली, दोन शेरांसह रसग्रहण घेतो. भजनांसाठी पत्र उद्याच पाठवतो. तोवर प्रेसवाल्याला काय देऊ?

अंबाडी
ती दोन पानं मोकळी ठेवून बाकीचा मजकूर द्या आणि त्या जागेला वाचनालयाची जुनी सभासद यादी तयार ठेवा. होकार आला तर भजनं, नाही तर यादी. प्रूफ आलं की प्रत्येक फोटोशेजारी पेन्सिलीने लिहा: कोणाचा, परवानगी कुठे ठेवली आहे. जिथे काही लिहिता येत नाही, तो फोटो काढा.