मदत हवी आहे: कंपनीसाठी सिंगल इंजिन हेलिकॉप्टर, आर६६ की एच१२५?

नमस्कार मंडळी. आमचे कारखाने कोल्हापूर आणि चिपळूणला, ऑफिस मुंबईत. साहेबांनी हेलिकॉप्टर घ्यायचं मनावर घेतलंय आणि माहिती काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

रॉबिन्सन आर६६ स्वस्त, पण पायलट धरून पाचच जागा. शिवाय २००० तास किंवा १२ वर्षं झाली की पूर्ण ओव्हरहॉल (सगळं उघडून दुरुस्ती), म्हणजे जुनं घेताना उरलेले तास आणि वर्षं हीच खरी किंमत. एअरबसचं एच१२५ दणकट. याच घराण्यातलं हेलिकॉप्टर २००५ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकलं होतं. आम्हाला सह्याद्रीच ओलांडायचाय म्हणा! बेल ४०७ कोणी वापरलंय का?

खरी धास्ती पावसाळ्याची. घाटात ढग उतरले की पायलटच्या नजरेवर, बाहेर बघून उडणारं मशीन चार महिने जुहूलाच उभं राहणार का? कोकणातल्या खाऱ्या हवेने गंज किती धरतो? खासगी नोंदणीवर भाडं घेता येत नाही, हे साहेबांना अजून पटत नाहीये. निवडणुकीचा हंगाम डोळ्यांसमोर आहे ना!

स्वतः चालवणाऱ्यांनी किंवा देखभाल करणाऱ्यांनी कृपया सांगा: वर्षाला किती तास उडालं तर स्वतःचं परवडतं?