मदत हवी आहे: मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांचा 'स्लॅम', गुण द्यावेत का?

नमस्कार मंडळी,

शिकागोजवळच्या एका उपनगरात रविवारच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. नऊ मुलं आहेत, १४ ते १६ वयाची. समजतं सगळं, बोलतात अडखळत, आणि लिहायचं म्हटलं की फोनवर रोमन लिपीत. पुस्तकातली कविता काढली की तोंडं उतरतात. म्हणून यंदा स्लॅम पोएट्री, म्हणजे स्वतःच्या कविता मंचावर म्हणायची स्पर्धा, करून पाहिली. तशी ही इथलीच गोष्ट. मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगाराने १९८६ मध्ये शिकागोच्या ग्रीन मिलमध्ये हा प्रकार रुजवला. पण तो पडला बार, शाळकरी पोरांना तिथे कुठे नेणार? मग ग्रंथालयातली खोली घेतली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कविता स्वतःचीच हवी आणि तीन मिनिटांत संपायला हवी. वर १० सेकंदांची सवलत, त्यानंतर गुण कापले जातात. वेशभूषा, वाद्य, हातात वस्तू, काही चालत नाही. परीक्षक म्हणजे प्रेक्षकांतलेच कुणीही पाच जण. प्रत्येकाने ० ते १० मध्ये गुण द्यायचे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सोडून मधल्या तिघांचे धरायचे, म्हणजे कमाल ३०. सुरुवातीला एक जण स्पर्धेबाहेरची कविता म्हणतो, परीक्षकांचा हात बसावा म्हणून. ते काम मी केलं. मला २१.५ मिळाले, मुलं अजून चिडवतात.

आता खरी अडचण. एका मुलीला नुकतंच शिकाऊ लायसन्स मिळालंय. इथे पक्क्या लायसन्सआधी मोठ्या माणसाला शेजारी बसवून ५० तास गाडी चालवावी लागते. तिची कविता त्यावरच होती: शेजारी बसलेला बाबा आणि रिकाम्या जागी ब्रेक दाबणारा त्याचा पाय. मध्ये मध्ये बाबाच्याच आवाजात 'हळू... हळू गं... अगं हळू!' तिसऱ्या वेळी बाकीची मुलं चुटक्या वाजवत तिच्याबरोबर म्हणायला लागली. बाबा मागच्या रांगेत मान खाली घालून हसत होता.

परीक्षकांत दोन आज्या होत्या, त्यांनी (सगळ्यांनाच) १० दिले. दोन पालकांनी ८.५ आणि ८. पाचव्या काकांनी पाटी वर केली: ६. नंतर म्हणाले, "छान होतं, पण लेन, सिग्नल, मिरर... यात मराठी कुठे होतं?" हिशेबात तो ६ गळलाच. तिचे २६.५ झाले, दुसरी आली. पण तिच्या लक्षात राहिली ती तेवढी एकच पाटी. पुढच्या वेळी नाव देणार नाही म्हणते.

तर प्रश्न असे:

गुण काढूनच टाकू का? पण दोन मुलगे केवळ 'स्पर्धा आहे' म्हणून आले होते, आणि पाट्या वर जाताना खोलीत जी गंमत येते ती नुसत्या टाळ्यांत येत नाही. परीक्षकांना आधी समजावून सांगावं, तर 'कुणीही परीक्षक' यातली मजाच जाते. भेसळ मराठीबद्दल तुम्ही काय ठरवता? मला स्वतःला ती चालते. आरशाला ती घरी मिररच म्हणते, कवितेत आरसा कुठून आणेल?

दुसरं, कलगी-तुऱ्याबद्दल सांगितलं, दोन फड एकमेकांना सवाल टाकायचे वगैरे, तर लगेच "म्हणजे रॅप बॅटल!" कान टवकारले एकदम. शाहिरी सवाल-जवाबाचा दोन-तीन मिनिटांचा, शब्द नीट कळतील असा व्हिडिओ कुणाकडे असेल तर लिंक द्या. मला सापडतात ते सगळे तासाभराचे, आणि ढोलकीत शब्द बुडालेले.

संपादन: खाली दोघांनी विचारलंय म्हणून. नाही, आमच्या स्लॅमचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला नाही. एका मुलाची कविता घरातल्या भांडणावर होती, त्याची आई शेजारीच बसली होती. पुढच्या वेळी कविता मी आधी वाचून 'आईबाबा बसले तर चालेल ना?' एवढं विचारणार आहे. आणि ती मुलगी मे महिन्यात यायला तयार झालीये, पण घड्याळ धरायला. तीन मिनिटं दहा सेकंद झाले की घंटा ती वाजवणार.